लोटूमास्तरांचा डावा पंख

सुरतच्या भेस्तान भागातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या दारापुढे काही ना काही उभं असतं. कुणाची रिक्षा, कुणाची स्कूटर, कुणाची रुसलेली सासू. लोटू सोनवण्यांच्या दारापुढे विमानाची शेपटी होती. पत्ता सांगायला फार बरं पडायचं.

लोटू सोनवणे मूळचे शिरपूरकडचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीत सुटला तो सुटलाच. साड्यांच्या मिलमध्ये फिनिशिंग खात्याच्या मुख्य माणसाला मास्तर म्हणतात. रंगून, छापून आलेल्या कापडाला शेवटचा मऊपणा द्यायचा, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. कापड बोटांतून लोण्यासारखं घसरलं पाहिजे. याला ते ‘कापडाचा हात’ म्हणत. पर्वत पाटियाकडचे व्यापारी डोळे मिटून ताका, म्हणजे कापडाचा तागा, चाचपायचे आणि म्हणायचे, “आ तो लोटूभाईनो हाथ छे.” हे वाक्य मास्तर मला महिन्यातून एकदा तरी ऐकवत, आणि प्रत्येक वेळी नव्याने लाजत.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि विमान बांधायला बसला. त्याआधी ते कधी विमानात बसलेही नव्हते. डुमसकडे उतरणारी विमानं गच्चीवरून दिसायची, तेवढीच ओळख. कुठल्याशा परदेशी माणसाने विकायला काढलेले नकाशे त्यांनी जावयाकरवी मागवले. दोन माणसांचं, काचतंतूच्या कापडाचं विमान. कडक फोमला आकार द्यायचा, वर काचेचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं, वाळू द्यायचं, की झालं. नकाशात ते झालं दीड वर्षात. मास्तरांना नऊ वर्षं लागली.

“साहेब, कापडच तर आहे,” ते मला म्हणाले. मी बँकेत कारकून होतो, पण मास्तरांच्या लेखी बँकेतला शिपाईसुद्धा साहेब. “बत्तीस वर्षं कापडच केलं. फरक इतकाच, की हे नेसायचं नाही.”

रेझिन मोजायला मास्तरांच्या बायकोचा, अनुसयावहिनींचा, स्वयंपाकघरातला वजनकाटा गेला. ढवळायला रवी गेली. पुढची खोली पंखापेक्षा दोन हात आखूड निघाली, म्हणून खिडकीचे गज गेले आणि पंखाचं टोक आमच्या अंगणात आलं. माझ्या बायकोने त्यावर एकदा लोणच्याच्या फोडी वाळत घातल्या, तेव्हा मास्तर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या माणसाची बसायची जागा त्यांनी अनुसयावहिनींच्या मापाने बेतली. वजन विचारलं तेव्हा वहिनींनी जे सांगितलं त्यावर मास्तरांनी गुपचूप बारा किलो चढवले.

“हाई उडी का?” वहिनी त्यांच्या अहिराणीत विचारायच्या.

“उडेल.”

“मंग मी पहिल्या दिवशी बसाव नही. दुसऱ्या दिवशी बसू. तुम्ही परत उनात तर.”

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेझिनचा एक थर वाळला, की त्यावर दुसरा भाग चिकटवायचा असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर धरत नाही. म्हणून थर ओला असतानाच वर एक साधं पॉलिएस्टरचं कापड अंथरतात. वाळल्यावर ते टराटर सोलून काढायचं. खाली छान खरबरीत अंग उरतं, नव्या रेझिनला पकड मिळते. नकाशाच्या पुस्तकात लिहिलं होतं, हे कापड कुठलंही फिनिश न केलेलं हवं, आणि ते अमेरिकेतून मिळेल.

मास्तर पोट धरून हसले. “सुरतचा माणूस पॉलिएस्टर अमेरिकेतून मागवणार? मला गावात राहू देतील का?”

फिनिश न केलेलं म्हणजे काय, याचा मात्र त्यांनी गंभीरपणे विचार केला. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला तेल असतं, खळ असते. म्हणजे ते घाणेरडं. त्यांच्याकडे निवृत्तीच्या दिवशी शेटने दिलेला ताका होता, त्यांच्याच शेवटच्या लॉटमधला, पांढराशुभ्र. धुतलेला, तापवून बसवलेला. याच्याइतकं स्वच्छ कापड जगात नाही, असं त्यांनी ठरवलं. ड्रेस शिवायला म्हणून लेकीने मागितला होता, तिला दिला नव्हता. तो विमानाला दिला. पंख, पोट, शेपटी, सगळीकडे तोच अंथरला आणि तोच सोलला.

इंजिन अजून यायचं होतं. त्याआधी अडाजणचे दिलीप कर्णिक आले. विमानांच्या दुरुस्तीत जन्म काढून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. उडवायच्या परवानगीसाठी दिल्लीला पाठवायच्या कागदावर जाणकार म्हणून त्यांची सही लागणार होती. त्यांनी पंखावर टिचकी मारली, कान लावला, सबंध खोली बघितली आणि म्हणाले, “मास्तर, हात सुंदर आहे तुमचा. पण सही मी हाताला देत नाही, वजनाला देतो.”

एका रविवारी सकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर परीक्षा मांडली. हवेत पंखाला खालून वर जोर बसतो, म्हणून पंख उलटा ठेवून त्यावर वाळूची पोती रचायची. छत्तीस पोती झेलली, की सही. डावा पंख घेतला. सोसायटी खुर्च्या घेऊन आली. वहिनींनी परातभर पोहे केले होते, आणि त्या कुणालाच खाऊ देत नव्हत्या. “आधी सही होऊ द्या.”

दहा पोती झाली, टाळ्या पडल्या. पंधरा झाली. पंख थोडा लवला, तो लवायलाच हवा, असं दिलीपराव म्हणाले. अठरा. मास्तर प्रत्येक पोतं स्वतः ठेवत होते, पाळण्यात मूल ठेवावं तसं.

एकोणिसाव्याला आवाज झाला. काही तुटल्याचा नव्हे. जुनी चिकटपट्टी ओढावी तसा, चर्रर्र, लांबलचक. पंखाची कातडी आतल्या तुळईवरून सबंध सुटली आणि पोती एका बाजूला घसरली.

दिलीपरावांनी कातडी उचलून पाहिली. ती चपातीसारखी वर आली. आत काही मोडलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. दोन्ही अंगं स्वच्छ. ते बराच वेळ बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, तांब्याभर पाणी देता?”

वहिनींनी पाणी दिलं. दिलीपरावांनी ते तुळईच्या उघड्या अंगावर ओतलं. पसरायला हवं होतं. पसरलं नाही. अळूच्या पानावर होतात तसे त्याचे टपोरे मणी झाले आणि पळून गेले.

“काहीतरी तेलकट आहे यावर,” दिलीपराव म्हणाले. “सिलिकॉनसारखं. आलं कुठून?”

मास्तर त्या मण्यांकडे बघत होते. मिलमध्ये कापड मऊ करायला रोज दोनशे लिटर सिलिकॉन ते स्वतः घोळून घालत. पण बत्तीस वर्षांत त्यांनी त्याला कधी कापडावर लावलेली वस्तू मानलंच नव्हतं. तो कापडाचा हात होता. त्यांचा हात होता.

“माझंच आहे,” ते म्हणाले.

“उजव्या पंखाला?”

“तोच ताका.”

“बाकी?”

“सगळीकडे. एकच ताका.”

दिलीपरावांनी चष्मा पुसला. “हे आता धुऊन निघत नाही, मास्तर. आतवर गेलंय. जमिनीवर कळलं, हे नशीब समजा.”

सगळी सोसायटी हेच म्हणाली. नशीब हो मास्तर, वर असता तर? महिनाभर जो भेटेल तो त्यांना जिवंत असल्याबद्दल शुभेच्छा देत होता. मीही दिल्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही तरी नका.”

भंगारवाल्याला बोलावलं. त्याने चुंबक लावून पाहिला, ठोकून पाहिलं आणि मान हलवली. “इसमें न लोहा है न अल्युमिन. फुकट भी नहीं ले जाऊँगा, काका.” कचऱ्याच्या गाडीनेही नाकारलं. नऊ वर्षांच्या मेहनतीला शहरात कुठे जागा नव्हती.

शेवटी उधन्याच्या एका गणपती मंडळाचे लोक आले. त्यांना आरास करायची होती: बाप्पा विमानातून येतात. मास्तरांनी विचारलं, “नंतर कुणी इंजिन तर लावणार नाही?” ते हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी आधी दोन्ही तुळया करवतीने आरपार कापल्या आणि मगच विमान टेम्पोत चढवू दिलं. मंडळाने मंडपात तो डावा पंख चार इंची खिळ्यांनी ठोकून बसवला. नऊ वर्षांत मास्तरांनी त्या विमानाला एक खिळा लावला नव्हता.

पाचव्या दिवशी आम्ही चौघं दर्शनाला गेलो. मला वाटलं होतं, मास्तर यायचे नाहीत. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. रांग विमानाच्या अगदी जवळून जात होती. आमच्यापुढे एक गृहस्थ लहान नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते.

“आजोबा, खरं आहे?”

“छट्! थर्माकोल. दोन दिवसांत बनवतात हे लोक.”

अनुसयावहिनी ताडकन पुढे झाल्या. नऊ वर्षं त्या विमानाला जेवणाच्या वेळेस शिव्या घालणारी ही बाई. “थर्माकोल? हात लाई दखा जरा! नऊ वरीस लागनात याले, नऊ! मना घरना गज गयात, काटा गया, मना...”

रांग थांबली. लोक वळून बघायला लागले. गृहस्थ गोंधळून मास्तरांकडे वळले. “भाऊ, तुम्हीच सांगा. थर्माकोलचंच ना?”

मास्तरांनी पंखाकडे पाहिलं. मग वहिनींचा दंड धरला.

“हो,” ते म्हणाले, “थर्माकोलचंच आहे.”

“बघ,” गृहस्थ नातवाला म्हणाले, आणि रांग पुढे सरकली.