मिठाचं मडकं

बारसं रोह्याजवळ वरसेला, भावाच्या घरी होतं. पाहुणे जेवून पांगले आणि भाची एकदाची माझ्या मांडीवर आली. मी लग्न केलेलं नाही, मूल नाही. तिला घ्यायला नुसती हपापले होते. लाज कसली त्यात.

वहिनीने सहज विचारलं, प्रयोगशाळेत तुम्ही नेमकं काय करता? मी सांगितलं, अणुभट्टीतलं युरेनियम धातूच्या बंद नळ्यांत असतं. त्याचे अणू फुटले की सिझियम, आयोडीन असलं काय काय तयार होतं. ते नळीच्या धातूत किती खोल शिरतं, ते मी मोजते.

"म्हंजे ते बाहेर येतं, ताई?"

"नाय" म्हणून गप्प बसायचं ना! पण मला अक्कल पाजळायची खोड. समोर आईचं मिठाचं मडकं होतं, तिच्या माहेरचं, पेणच्या खाडीकडचं. लहानपणी ते पुसायचं काम माझ्याकडे. चीर नाही, भोक नाही, तरी आठवड्याभरात बाहेरून पांढरी पूड धरायचीच. तेच दाखवून म्हटलं, नळी फुटत नाही, पण धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून ते असंच मुरत जातं. फार हळू, केसाच्या जाडीइतकंही नाही.

वहिनी उठली, बाळाच्या दुधाची वेळ झाली म्हणाली आणि तिला उचलून घेऊन गेली. दूध तर आत्ताच पाजलं होतं.

मला भयंकर राग आला. तिच्या मागे जाऊन सांगत सुटले, आमच्याकडचं सिझियम साधं असतं, किरणं टाकणारं नाही, आम्ही ते नळीच्या तुकड्याबरोबर नुसतं तापवून बघतो. ती मान डोलवत राहिली. तिचे वडील रोह्याला रंगाच्या कंपनीत होते. शिफ्ट संपली की साबण लावून आंघोळ करून घरी यायचे, तरी उशीवर पिवळा डाग पडायचा. हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी साफ विसरले.

निघताना आई मागच्या दारापर्यंत आली.

"जरा खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं गो?"

मी सकाळी आणलेलं नवंकोरं झबलं वहिनीने तेवढ्यात धुऊन दोरीवर वाळत टाकलं होतं, दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं. त्याची एक बाही दुमडली होती. सरळ करायला हात पुढे केला, खिडकीत वहिनी दिसली आणि मी हात मागे घेतला.