आबांच्या गोष्टीतली पोरं मोठी होत नाहीत

जगातले सगळे थोर संगीतकार युरोपात जन्मले, ही अफवा कोणी उठवली कोण जाणे. माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांना विचाराल तर त्यातला एकूण एक पवना आणि इंद्रायणीच्या मधल्या पट्ट्यात जन्मला, नाचणीची भाकरी खाऊन वाढला आणि बापाचा मार चुकवायला डोंगरात पळाला. यावर शंका काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकाने काढली होती म्हणतात. तो हल्ली कामशेतला राहतो आणि या बाजूला फिरकत नाही.

या गृहस्थांना सगळं बेडसे गाव आबा म्हणतं. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून त्यांचे गाल असे सैलावलेत की प्रत्येकात पावशेर शेंगदाणे सहज मावावेत. बँड सोडला तरी कान सुटले नाहीत. एकदा पाहुणे म्हणून लग्नाला गेले असता वरातीतला क्लॅरिनेटवाला बेसूर झाला. आबांनी वरात भर रस्त्यात थांबवली आणि त्याच्याकडून ती ओळ सतरा वेळा घोटून घेतली. तोवर घोडा झोपला, नवरदेव पेंगला आणि नवरीकडची दोन मंडळी जेवून घरी गेली. "मुहूर्त काय, दुसरा मिळतो," आबा म्हणाले, "सूर गेला की गेला."

लग्नाचा मोसम नसला की आबा लोणावळ्याच्या बंगल्यांना रंग द्यायचे. त्यातली एक म्हातारी मालकीण बंगला विकून निघाली तेव्हा आबांना म्हणाली, "हवं ते उचल." दुसऱ्याने झुंबर उचललं असतं. आबांनी उचललं लहान मुलांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक. त्यात थोर संगीतकारांची बालपणं होती. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते वाचलं, आणि तेवढ्या वेळात कोणी लोहगड पाडून पुन्हा बांधला असता. परदेशी नावं मात्र त्यांच्या जिभेला मानवेनात. "घशात माशाचा काटा आडकल्यागत वाटतं," म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. चाकं करणाऱ्या सुताराचा पोरगा तो सुभ्या. राजवाड्याराजवाड्यांतून वाजवत फिरवलेलं पोर ते गंप्या. आणि ज्याचा बाप लोकांची दाढीही करायचा आणि गळवंही कापायचा, तो धोंड्या.

दर रविवारी सकाळी गावच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर पोरं जमतात. आधी गोष्ट, मग आबांच्या पेटीवर धडा. सुभ्या लहानपणी दोन काटक्या एकमेकींवर घासून सारंगी वाजवल्याचं सोंग करायचा, हे आबांनी सांगितलं त्या आठवड्यात गावात बंबात घालायला काटकी उरली नाही. गंप्याची गोष्ट सांगताना तर आबांचा आवाजच फुटतो. "पाय जमिनीला टेकत न्हवतं पोराचं, आन् वाजवायचं कुनाफुडं, तर रानीफुडं! एक लाडू तरी दिला आसंल का रं कुनी?" पुढच्या रविवारी एका चिमुरडीने कागदात गुंडाळून लाडू आणला आणि गंप्याला द्या म्हणाली. आबांनी तो गंप्याच्या वतीने, डोळे पुसत, पूर्ण खाल्ला.

पण गोष्ट पोरगं बारा वर्षांचं झालं की थांबते म्हणजे थांबते. "मग पुढं?" पोरं विचारतात. "पुढं त्यो मोटा झाला. मोट्या मान्साची गोष्ट मला येत न्हाई." मला वाटायचं, हा आबांचा काहीतरी बाणा असेल.

खरं काय ते यंदा कळलं. लेण्यांच्या पायऱ्यांखाली एकाची भज्यांची टपरी आहे. त्याची मुलगी श्रावणी ही आबांची सगळ्यात तयार शिष्या. पेटीवर तिची बोटं अशी पळतात की पाहणाराच दमतो. तिची आई तळेगावच्या कारखान्यात लागली आणि तिला रविवारचीही पाळी आली. रविवारी तर लेणी पाहायला झुंबड. बापाने सांगितलं, श्रावणीने टपरीवर गिऱ्हाईक बघायचं, पेटी बंद.

आबा मला घेऊन तडक टपरीवर गेले. भज्यांची एक प्लेट माझ्या हातात देऊन त्यांनी धोंड्याची गोष्ट सुरू केली. बापाला पोरगा वकील व्हायला हवा होता, म्हणून त्याने घरातलं वाजवणंच बंद केलं. मग आत्याने माळ्यावर बाजा लपवला. पुढे एकदा बाप राजाकडे निघाला तर धोंड्या गाडीमागे पळत सुटला, राजवाड्यात जाऊन त्याने बाजा वाजवला, आणि राजाने बापाला सांगितलं की पोराला शिकू दे. आबांनी गाडीमागे पळणं इतकं रंगवलं की दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रावणीचा बाप झारा हातात धरून म्हणाला, "बापाचं काय चुकलं, आबा?"

"आरं, पन राजानं सांगितलं ना!"

"राजाचं काय जातंय सांगाया? त्यो काय जल्मभर पोसनार व्हता पोराला? तुमी ह्ये सांगा, फुडं त्या धोंड्याचं काय झालं? खाऊनपिऊन सुखी ऱ्हायला का?"

घोडे झोपवणारा, युरोपातली पोरं पवनेकाठी जन्माला घालणारा हा माणूस. एक थाप मारली असती तर काम फत्ते होतं. आबांनी मारली नाही. "मला न्हाई ठावं," ते म्हणाले. "पुस्तकच ल्हानपनाचं हाय. फुडचं त्यात छापलंच न्हाई."

भजी करपली. बापाने ती झाऱ्याने उपसून बाजूला टाकली. "मग शोधून काडा," तो म्हणाला. "तवर येऊंद्या पोरीला. दोन घंटं मी बगतो हितलं."

परतताना मी खिशातून फोन काढला. "आबा, आत्ता सांगतो. धोंड्याचं चांगलंच झालं असणार."

आबांनी माझा हात धरला. "आसंल. पन मग त्यो इचारंल, गंप्याचं काय झालं?"

गंप्याचं काय झालं ते मला माहीत होतं: पस्तिसाव्या वर्षीच, डोक्यावर कर्ज ठेवून गेला. मी फोन आत ठेवला.

याला आता सहा महिने झाले. दर रविवारी टपरीवरून हाक येते, "लागला का पत्ता, आबा?" "न्हाई गड्या, शोधतोय." "शोधा, शोधा. घाई न्हाई." गिऱ्हाइकांचे पैसे ज्याच्यावर जमा होतात तो त्याचा फोन माझ्याहून चांगला आहे, त्याने मनात आणलं तर चहा उकळायच्या आत सगळं कळेल. त्याने अजून मनात आणलेलं नाही. विहाराकडून श्रावणीची पेटी सुरू झाली की तो फक्त कढईखालचा गॅस बारीक करतो. गिऱ्हाईक खोळंबतं. तो म्हणतो, "जरा थांबा. तेल लय आवाज करतंय."