पोचतं का नाय?

उजव्या हाताचा तळवा कपाळावर, डावा हात कमरेवर आणि तोंडातून लांबलचक "अरे देवाऽऽ!" आमच्या आरोग्य केंद्रातल्या मावशींचा दिवस असा सुरू व्हायचा. समोर काय घडलंय याला फारसं महत्त्व नसे. फिनेलची बादली लवंडली तरी देवा, नळाला पाणी आलं नाही तरी देवा, आणि पाणी आलं तरी देवाच, कारण ते अवेळी आलं.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातखाचरांच्या कडेला आमचं ते सरकारी केंद्र होतं. नव्वदच्या सुरुवातीला मी तिथं औषधं द्यायला लागलो. कागदोपत्री औषधनिर्माता, गावाच्या तोंडी कंपाउंडर. मावशी सफाईला होत्या, पण ड्रेसिंग करताना पेशंटचा पाय धरणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं, बाळंतिणीला चहा करून देणं हे सगळं त्यांच्याच अंगावर होतं. बाजूच्याच पाड्यावर त्यांचं घर. नवरा लवकर गेलेला, पदरी दोन मुलगे.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. मी तर नुसत्या आवाजावरून आत काय आलंय ते ओळखायला शिकलो होतो. आखूड "देवा" म्हणजे ताप-खोकला. "देवा रे" म्हणजे विंचू. आणि "अरे देवाऽऽ" पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत लांबला, की मी टाक्यांचं सामान काढायला घ्यायचो.

एकदा पायावर कुऱ्हाड बसलेला एक माणूस आला. मावशींनी फडकं उचलून जखम पाहिली, हात कपाळाला गेला आणि ती हाक निघाली. तो इतका वेळ शांत बसलेला माणूस पांढराफटक पडला. "डॉक्टर, मी वाचंन ना?" डॉक्टर वैतागले. "मावशी, देवाला मध्ये आणू नका. मी आहे ना इथं?"

"तुमी हाव, साहेब," मावशी म्हणाल्या, "पन तुमची बदली होते."

तो पेशंटही हसला आणि टाके घालून घेताना हसतच होता.

मावशींचा थोरला मुलगा मी पाहिलेला आहे. कुरळ्या केसांचा, उंच, सदैव गुणगुणणारा. दुपारी आईची भाकरी घेऊन यायचा आणि जाताना व्हरांड्यातल्या पेशंटांना तमाशातली बतावणी करून दाखवायचा. शेतात मन नाही, ढोरांत मन नाही. पौषात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरली की हा गायब. लोक तिथं बैल बघायला, घोंगडी घ्यायला जात. हा तमाशाच्या तंबूमागे जाऊन बसायचा आणि जत्रा उठेपर्यंत घरी फिरकायचा नाही.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी सकाळी त्यानं बैल सोडले आणि स्वतः डोळे मिटून गाणं म्हणत बसला. बैल शेजाऱ्याच्या वालात शिरले. शेजारी दारात येऊन नाही नाही ते बोलला. मावशी अंगण सारवत होत्या. शेणाचा हात तसाच कपाळावर मारून त्या ओरडल्या, "अरे देवा, याला एकदाचा माज्या नजरेआड कर रे!" पोरगा हसला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हशाची वाट धरली.

हे मला त्याच दिवशी कळलं, कारण मावशींनीच केंद्रात येऊन सांगितलं, नक्कल करून. कपाळावर शेणाचा डाग तसाच होता. "आज देवाला सांगूनच आलंय," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. आपल्याकडे कुठली आई असं बोलत नाही? पोराला दिवसातून एकदा तरी देवाकडे पाठवल्याशिवाय आयांचा स्वयंपाक होत नाही.

जत्रा उठली. तमाशाचे ट्रक गेले. पोरगा आला नाही. कुणी म्हणे तो ट्रकमागे बसलेला दिसला, कुणी म्हणे नाशिककडे गेला, कुणाच्या भावानं त्याला सुरतेत पाहिलं होतं. धाकटा भाऊ जिथं जिथं कळलं तिथं जाऊन आला. मावशींची हाक काही थांबली नाही. उलट वाढली. बादली उचलताना, गोळ्यांचा खोका सरकवताना, कुणी नसलं तरी, देवा रे, देवा रे. ते ऐकताना मला आता ओळखता येत नसे की आत काय आलंय.

दोन-तीन वर्षांनी गावात सप्ताह बसला. बाहेरून एक महाराज आले होते. त्यांचं बोलणं धारदार होतं. "येता-जाता, शिंकताना, ठेच लागली की देवाचं नाव! देव काय तुमच्या घरचा गडी आहे, हाक मारली की ओ द्यायला? उष्ट्या तोंडानं, शेणाच्या हातानं नाव घेणं हे पाप आहे पाप!" शेणाचा हात हे ते सहज बोलून गेले असतील. मावशी पुढच्याच ओळीत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी ते नाव टाकलं. सोपं नव्हतं. हात कपाळाकडे निघायचा, "अरे दे" एवढं बाहेर पडायचं आणि उरलेलं त्या गिळायच्या. मग "अगो बाय" म्हणून बघितलं, ते काही त्यांच्या तोंडी बसलं नाही. शेवटी त्या नुसत्या गप्प राहू लागल्या. पेशंट त्या गप्प राहण्याला जास्त घाबरायला लागले. मावशी जखमेकडे बघतात आणि काहीच बोलत नाहीत म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसतंय, असं नातेवाईक आपसात कुजबुजायचे. ज्यांनी देवाला मध्ये आणू नका म्हटलं होतं ते डॉक्टर बदलून गेले होते. नव्या डॉक्टरांनी मला विचारलं, या बाईंना बोलता येतं ना?

पाप तर पाप, पण त्या पापात त्यांना एक आधारही सापडला होता हे मला उशिरा कळलं. नाव पापाचं, तर ते देवापर्यंत कशाला जातंय? आपण बोललो ते हवेत गेलं. पोरगा आपल्या पायानं गेला, आपल्या पायानं येईल. एवढ्यावर त्या दिवस काढत होत्या.

तो आधारही गेला, आणि तो काढून घेणारा माणूस फार प्रेमळ होता. गावात एक म्हातारे माळकरी होते, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे यायचे. मावशींना गप्प बघून त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाय गो, महाराज बोलला त्याचा तू येवढा मनावर घेऊ नको. विस्तवावर हात चुकून पडला तरी भाजतो का नाय? तसा नाव हाय. चुकून घे, रागानं घे, हसून घे. पोचतं म्हंजे पोचतं."

मावशींच्या हातात ट्रे होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला आणि त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या. म्हाताऱ्याला वाटलं, बाईचं समाधान झालं. तो गोळ्या घेऊन निघून गेला.

मी बाहेर गेलो तेव्हा त्या हौदाच्या कडेवर बसल्या होत्या. "भाऊ, तुमी शिकल्याली मानसं. तुमी सांगा. पोचतं का नाय?"

माझा देवाधर्माशी संबंध दिवाळीच्या फराळापुरता. मी ठामपणे म्हणालो, "काही पोचत नाही, मावशी. तोंडातून निघतं आणि संपतं. तुमच्या बोलण्यानं कुणी जात नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कायच पोचत नाय? मंग मी रोज मनात सांगतंय, आन रे त्याला माघारी, त्याचा काय?"

पोचतं म्हणावं तर पोराला त्यांनीच घालवलं, आणि पोचत नाही म्हणावं तर परत आणायला कुणी नाही. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, महाराजांचा आला, आणि जिनं कुणाचं वाईट चिंतलं नाही त्या बाईला असं दोन्हीकडून कोंडणाऱ्या त्या नावाचाही आला. मावशी मात्र उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि फरशी पुसायला गेल्या.

वर्षं गेली. धाकट्याचं लग्न झालं. सून गुणाची होती, सासूला आई म्हणायची. पण तिचं पोटातलं मूल टिकेना. दोनदा झालं. आमच्या केंद्रातून शहापूरला, शहापूरहून ठाण्याला, सगळे इलाज झाले. मग घरच्यांनी भगताला विचारलं. भगत म्हणाला, घरातला थोरला वाटेत अडकलाय, त्याला वाट करून द्या. भटजीही म्हणाले, बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा, दहावं-बारावं करून मोकळं व्हायचं. आपल्या भागात हे चालत आलेलं आहे.

मावशींनी साफ नकार दिला. चुलते आले, भावकी आली, सुनेचे आईवडील आले. मावशींचं एकच. मला त्यांनी औषधाच्या खिडकीतून सांगितलं ते असं: "मी काय मागितला होता? नजरेआड कर. मर म्हनलं नव्हतं, उचल म्हनलं नव्हतं. आमच्या आळीतल्या सगळ्या बाया उचल म्हनतात. माज्या तोंडातून त्या दिवशी तसा निघाला नाय. त्यानं आयकला असंल तर तेवढाच केला असंल. म्हंजे पोरगा हाय. कुठं तरी हाय. माज्या नजरेला नाय, एवढाच."

म्हणजे इतकी वर्षं ज्या हाकेनं त्यांचा जीव खाल्ला, तीच पोचली असावी यावर आता त्यांनी पोराचा जीव टांगला होता.

"आनि आता आपुनच जाळायचा आनि देवाला सांगायचा का तो मेला? मंग देव तसाच धरंल, भाऊ."

शेवटी सुनेनंच त्यांना हरवलं. भांडून नाही. ती पुन्हा गरोदर होती, आणि एका सकाळी मावशींचे पाय धरून नुसती बसून राहिली. मावशी मला म्हणाल्या, "जो नाय त्याच्यासाठी, जो येतोय त्याला कसा अडवू?" आणि त्यांनी होकार दिला.

काळू नदीच्या काठावर आम्ही थोडीच माणसं होतो. उन्हाळ्याची सुरुवात होती, पळसाची फुलं गळून नवी पानं आली होती. भटजींनी पानं बांधून माणसाचा आकार केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. अंगावर घालायला त्याचा जुना सदरा मागितला. तो मावशींनी दिला नाही. धाकट्याकडून नवा आणवला होता. कुणीतरी म्हणालं, त्याचाच हवा. मावशी म्हणाल्या, "त्याचा त्याला लागंल. आल्यावर घालंल काय?" भटजींनी पुतळ्याला नवा सदरा घातला.

धाकट्यानं पेटती काडी हातात घेतली. बाया पदर तोंडाला लावून मावशींकडे बघत होत्या, आता ही हंबरडा फोडेल म्हणून. मावशी पुढे झाल्या. इतक्या वर्षांनी उजवा तळवा कपाळावर गेला, आणि ती जुनी, पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत जाणारी हाक निघाली. "अरे देवाऽऽ!" धाकटा जागच्या जागी थांबला.

मग त्यांनी हात खाली घेतले, जोडले, आणि केसपेपर लिहून घेणाऱ्याला पत्ता सांगावा तसं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत सांगितलं:

"देवा, हा पाल्याचा हाय. माजा पोऱ्या नाय. तुला म्हाईत हाय, तरी सांगतंय. यालाच ने. चुकू नको."

पानं ओली होती. पेटायला वेळ लागला, धूर फार झाला.

सुनेला मुलगी झाली. मावशींनी तिला चालायला शिकवलं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. थोरला काही आला नाही. त्याचा सदरा अजून खुंटीला असतो. म्हशाची जत्रा जवळ आली की सून तो धुऊन वाळवून परत टांगते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, आई सांगून गेल्यात.

मी आता निवृत्त होऊन शहापुरात राहतो. देवाचं माझं अजूनही तसंच, फराळापुरतं. पण माणूस आहे, हातून कप निसटतो, पायाला उंबरा लागतो आणि तोंडातून निघून जातं, अरे देवा. की लगेच माझी जीभ चाचरते. मी आजूबाजूला बघतो, कुणी नाही याची खात्री करतो आणि हळूच पुढचं जोडतो: काही नाही, काही मागितलं नाही. कप फुटला फक्त.