वाघाटीवाल्यांचं गाव कुठं गेलं

कमळूला आयुष्यात बऱ्याच गोष्टी समजल्या नाहीत, आणि त्याची त्याला कधी लाज वाटली नाही. धरण कशाला बांधतात हे समजलं, पण पाणी नेमकं आपल्याच खाचरात का साठलं हे समजलं नाही. बायको रखमी रागावली की समजायचं, पण का रागावली हे समोर ताट आपटेपर्यंत कळायचं नाही. पण या सगळ्यांवर कडी केली ती सातासमुद्रापारच्या एका हॉकीच्या टीमने. तिने बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा केला.

पंचाण्णव साल असेल. आसनगावजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कमळू धागाकटिंगला लागला होता. शिवून आलेल्या कपड्याचे लोंबते धागे कात्रीने छाटायचे, उलटसुलट करून बघायचं, घडी घालायची. टेबलाभोवती सगळ्या बाया आणि मधे हा एकटा मिशीवाला. बाया चिडवायच्या, हा हसून घ्यायचा. तरणेपणी कबड्डीच्या मैदानात भल्याभल्यांना लोळवलेला गडी, त्याला कात्रीची कसली लाज?

एक दिवस टेबलावर जर्सींचा ढीग येऊन पडला. जर्सी कसल्या, तंबूच! एकेका बाहीत कमळूची मांडी आरामात गेली असती. पाठीच्या आतल्या बाजूला एक जाड पट्टी शिवलेली. आणि छातीवर एक मांजर, पण घरातलं नव्हे. डोळे रागीट, कानांवर केसांचे झुपके.

"वाघाटी," कमळू म्हणाला. भात राखायला रानात बसणाऱ्याला रानमांजर ओळखायला शाळा लागत नाही.

सुपरवायझर रत्नदीप जवळच उभा होता. आसनगावचाच, शिकलेला, वयाने लहान, पण कमळूला मामा म्हणायचा आणि प्रश्नांना कंटाळायचा नाही. हा गुण त्याला पुढे फार महागात पडला.

"लिंक्स म्हणतात तिला, मामा. कॅनडात ब्रॅनवुड म्हणून गाव आहे, त्यांची टीम. बर्फावर हॉकी खेळतात. पगारी खेळाडू."

"बर्फावर? पाय नाय घसरत?"

"घसरायचंच असतं. पात्यांचे बूट असतात."

"आन ही पट्टी कशाला?"

"भांडण जुंपलं की समोरचा जर्सी धरून डोक्यावर ओढतो. मग दिसत नाही, मार बसतो. म्हणून ती पट्टीने चड्डीला बांधून टाकतात."

हे मात्र कमळूला झटकन समजलं. बनियन धरून ओढणारे त्याने खूप पाहिले होते. अशी पट्टी आपल्याला तेव्हा सुचली असती तर, असं त्याला मनापासून वाटलं. पण खेळायचा पगार मिळतो, आणि वर भांडायलाही मोकळीक, हे त्याच्या पचनी पडलं नाही. त्याच्या हिशेबी खेळायला जाणाऱ्याला घरच्या शिव्या मिळायला हव्यात.

मग दर वर्षी उन्हाळा सरता सरता वाघाटीवाले टेबलावर यायचे. कमळूने त्यांची एकही मॅच पाहिली नाही, पण टीमचा सगळा इतिहास त्याच्या बोटांखालून गेला. एका वर्षी निळा रंग गडद झाला. एका वर्षी बाहीवर काळी फीत आली, तेव्हा रत्नदीपने सांगितलं की त्यांचा जुना गुरू वारला. कमळूने त्या दिवशी बायांची थट्टा केली नाही. मग एका वर्षी मांजरीभोवती सोनेरी कड आली. "जिंकले, मामा! त्यांची लीग जिंकले!" रत्नदीप म्हणाला, आणि कमळूने सगळ्या टेबलाला वडापाव चारला. मालकाला वाटलं, याला नातू झाला.

पाठीवरची नावं त्याला वाचता येत नसत. पण एक नाव इतकं लांब होतं की अक्षरं एका खांद्यावरून दुसऱ्यावर वळून जायची. ती जर्सी आली की कमळू म्हणायचा, "हाय, गडी हाय अजून." एवढं त्याला पुरायचं.

या वेडाचं कारण होतं. कमळूचं गाव पळसोंडे. आता ते कुठे आहे विचाराल तर भातसाच्या पाण्याखाली. धरण झालं तेव्हा निम्मं गाव आसनगावच्या बाजूला उताराच्या जागेवर बसलं, तिला नवीवाडी म्हणतात. उरलेलं निम्मं पार टोकावड्याकडे गेलं, ती माळवाडी. कमळू इकडे आला, त्याचा भाऊ धोंडी तिकडे गेला. देवळाचा दगड वाटता येत नाही म्हणून गावदेवी भांडणातच नवीवाडीला आली. वाटली गेली नाही अशी एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे कबड्डीची टीम. वर्षातून एकदा दोन्हीकडचे गडी एकत्र यायचे आणि लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं जायचं, "जय हनुमान, पळसोंडे." तेवढा दिवस गाव जिवंत व्हायचं. कमळूचा सगळा जीव त्या एका नावात होता. आपल्यामागे हे नाव कोणी घेईल की नाही, ही एकच धास्ती त्याला होती.

बर्फाचंही त्याला तेच सुचायचं. एकदा तो रत्नदीपला म्हणाला, "आमचा पाणी असा गोठला असता ना, तर आमी आमच्याच मैदानाच्या डोक्यावर जाऊन खेळलो असतो."

दोन हजार एक साली घोळ झाला. जर्सी आल्या त्या लाल. छातीवर मांजर नाही, हातोडा. कमळूला वाटलं, दुसरा लॉट असेल. पण उलटी केली तर पाठीवर तेच लांबलचक नाव, खांद्यापासून खांद्यापर्यंत!

"रत्नदीप भाऊ! ह्यो तर आपला वाघाटीवाला!"

रत्नदीप घाईत होता, ट्रक उभा होता. जाता जाता म्हणाला, "ती टीम गेली तिथून, मामा. ब्रॅनवुडची टीम आता नाही. पोर्ट हॅलमला हलवली."

हलवली. कमळूने कात्री खाली ठेवली. गडी तेच, नाव दुसरं, जागा दुसरी. असं कधी होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ब्रॅनवुड बुडालं होतं. तिथेही कोणीतरी धरण बांधलं होतं. बर्फाळ मुलूख, पाण्याला काय तोटा! त्याने कोणाला विचारलं नाही. एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर कोणी तपशील विचारतो का?

पळसोंड्याच्या माणसांची एक रीत आहे. चैत्रात सगळी धरणाच्या काठी जमतात आणि गावदेवीच्या जुन्या जागेच्या रोखाने पाण्यात नारळ सोडतात. देवी वर आणली तरी तिची जागा खालीच आहे, तिला विसरून कसं चालेल? पुढच्या चैत्रात कमळूने दोन नारळ सोडले.

"दुसरा कुणाचा वो?" रखमीने विचारलं.

"ब्रॅनवुडचा. आपल्यासारखाच गाव. बुडाला बिचारा."

रखमीने दोन्ही हात जोडले. बुडालेल्या गावाचं नाव नीट उच्चारता आलं नाही तरी नमस्कार पोचतो, असं तिचं मत.

पुढे रत्नदीपला हे कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं. "मामा, गाव कुठे बुडालं? गाव आहे जागच्या जागी. घरं आहेत, मैदान आहे, माणसं आहेत. मालकाने टीम विकली. घेणाऱ्याने आपल्या गावाला नेली."

"गावाची टीम मालकाची कशी?"

"तिकडे असते."

"मंग गावाने विकू कशी दिली?"

"गावाला कोण विचारतो?"

कमळू कात्रीची उघडझाप करत हिशेब मांडू लागला. आपलं गाव गेलं आणि टीम राहिली. त्यांचं गाव राहिलं आणि टीम गेली. यातलं वाईट कुठलं? पाण्याखाली गेलेल्याचं दुःख त्याला करता येत होतं. पण घर, अंगण, मैदान सगळं शाबूत असताना रिकाम्या बर्फाकडे बघत बसायचं, हे दुःख कसं करायचं असतं? आणि त्यात नारळही फुकट गेला होता.

"मंग ती गावची माणसं आता कुणाला वरडतात?" त्याने विचारलं.

रत्नदीपने खरंच माल घ्यायला आलेल्या माणसाकडे चौकशी केली. म्हणाला, "काही जण गाडी करून पोर्ट हॅलमला जातात. जुनी मांजरीची जर्सी घालून बसतात आणि मधेच जुन्या नावाने ओरडतात."

"येडीच हायेत," कमळू म्हणाला.

दोन वर्षांनी त्याच्याच घरात ठिणगी पडली. मुलगा हरेश आता टीमचा म्होरक्या होता. जेवताना म्हणाला, "बाबा, औंदा आमी नवीवाडी म्हनून खेळनार. मायकवाला इचारतो, पळसोंडे कुठं आला? काय सांगू? पाण्यात? पोरं हसतात."

"आन माळवाडीची पोरं?"

"सुदाम त्यांची येगळी टीम काढतोय." सुदाम म्हणजे धोंडीचा मुलगा, हरेशचा चुलतभाऊ.

कमळूने भांडायचं ठरवलं, पण भांडायचं कशावर? पोर खोटं बोलत नव्हतं. जन्मल्यावर वर्षभरात ते गावातून उचलून आणलेलं. त्याला पळसोंड्याचं काय आठवणार? नाव कोणाचं, खेळणाऱ्याचं की आठवणाऱ्याचं? रत्नदीपला विचारावंसं वाटलं, पण त्याला तरी किती छळायचं.

माघात टोकावड्याला स्पर्धा झाल्या, आणि नशीब असं खट्याळ की शेवटच्या सामन्यात नवीवाडी आणि माळवाडीच समोरासमोर आली. एका अंगाला नवीवाडीची म्हातारी माणसं, दुसऱ्या अंगाला माळवाडीची. धोंडी पलीकडे बसला होता. दोघा भावांनी एकमेकांना हात केला आणि दोघेही ओशाळले. हरेशने गडी टिपला की कमळू टाळी वाजवायला हात उचलायचा, आणि बाद झालेलं पोर नात्याने पुतण्याच निघायचं. शेवटी त्याने हात मांडीखालीच घेतले.

गुण सारखे झाले. शेवटची चढाई हरेशची. "कबड्डी कबड्डी" करत तो पार आत शिरला, सुदामने घोटा धरला, हरेश रेषेकडे सरपटू लागला. दम चालूच. हात रेषेपासून वीतभर. सगळं मैदान उठलं. अर्धे ओरडले नवीवाडी, अर्धे ओरडले माळवाडी. कमळूही उठला. कोणाला ओरडायचं ते त्याला कळेना, आणि ओरडल्यावाचून राहवेना. बेंबीच्या देठापासून एकच हाक निघाली.

"पळसोंडेऽऽ!"

डोंगरापलीकडच्या पाड्यातून कोणी हाक मारली की ओ द्यायची, हे आमच्याकडच्या पोरांना शिकवावं लागत नाही. हरेशच्या तोंडून "ओ" निघून गेली. दम तुटला. घोटा धरून पडलेल्या सुदामच्या तोंडूनही "ओ" निघाली. दोन्ही अंगांची म्हातारी माणसं उभी राहिली, आणि धोंडीने तर दोन्ही हात वर केले. पंचाला यातलं काही समजलं नाही. त्याने शिट्टी मारली आणि हरेशला बाद दिलं. माळवाडी जिंकली.

परतीच्या एस. टी.त नवीवाडीची पोरं कमळूकडे बघेनात. हरेश त्याच्या शेजारी बसला होता, गुडघा सोललेला. मुरबाड मागे पडलं.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "तू वरडलास तो कुणाच्या बाजूनं?"

"नाय ठाव रे. खरंच नाय ठाव." कमळूचे डोळे भरून आले. "माझ्यापायी हरलास."

हरेशने गुडघ्यावरची माती झाडली.

"तुझ्यापायी नाय," तो म्हणाला. "माझ्या गावाच्या नावानं हाक आली, तर मी ओ नको देऊ?"