फुललेला बांबू

दिवाळी झाली की आमच्या पाड्यातली निम्मी घरं बंद व्हायची. भात झोडून झालं, नाचणी घरात आली, की माणसं पोरांसकट वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. आमचं घर उघडं राहायचं, कारण बा टोपल्या विणायचा. टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची डालगी आणि धान्य साठवायच्या उंच कणग्या. जव्हारच्या बाजारात हे सगळं खपायचं आणि त्यावर आमचं मीठ-तेल, माझी शाळा, सगळं चालायचं. आठवीपर्यंत मी एक वर्षही शाळा सोडली नाही. आमच्या पोशेरा गावाच्या बाजूला हे सोपं नव्हतं.

मी आठवीत असताना, थंडीत, पाड्यामागच्या डोंगरावरच्या बांबूला फुलं आली. पानं गळून गेलेली आणि काडीकाडीला भुरकट झुपके. मी धावत येऊन बाला सांगितलं. तो टोपलीचं बूड विणत होता. तसंच ठेवून उठला आणि वर गेला. परत आला तेव्हा अर्धवट टोपली बाजूला सारून ओट्यावर बसला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"फुलला," तो म्हणाला. "माझा बाप सांगायचा, एकदाच फुलतो आन् मरतो. सगळाच मरंल."

थंडी सरेपर्यंत डोंगर गवताच्या गंजीसारखा पिवळा पडला. बाने घाईनं बांबू तोडून आणले. पण कोयत्यानं चिरताना कामट्या मध्येच मोडायच्या. पाण्यात भिजवून पाहिलं, ओल्या पोत्यात गुंडाळून पाहिलं. शेजारच्या डोंगरांवरही तेच होतं. मग जव्हारहून विकतचे बांबू आणले. ते मांडवासाठीचे, जाड आणि जून. त्यांच्या चार टोपल्या झाल्या, त्याही वेड्यावाकड्या. बाजारातले म्हातारे चाचा वर्षानुवर्षं आमचा माल घ्यायचे. त्यांनी टोपली हातात फिरवली आणि चारही ठेवून घेतल्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या तशाच खुंटीला लटकत होत्या. चाचांनी आम्हाला चहा पाजला.

शिमग्याच्या आसपास डोंगरापलीकडच्या वांगणीहून एक बाई चालत आली. तिची कणगी कुजली होती.

"एकच दे, दादा," ती म्हणाली. "भात जमिनीवर पडलाय."

बाने तिला डोंगराकडे बोट दाखवलं. ती पाहून आली, तरी उठेना. इतक्या लांबून आलेली. शेवटी बा आत गेला आणि आमचीच कणगी रिकामी करायला लागला. आईने भात प्लास्टिकच्या गोण्यांत भरला. बाई कणगी डोक्यावर घेऊन गेली.

त्या पावसाळ्यात उंदीर झाले. बांबूचं बी खाऊन माजलेले. बी संपलं तसे ते घरांत शिरले आणि गोण्या कुरतडल्या. आम्ही आळीपाळीनं काठ्या घेऊन बसायचो. भाद्रपदात गोण्या झाडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक भुसा निघाला. आईनं तो पाखडला, पुन्हा पाखडला. मी बाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दिवाळी झाली आणि आमच्याही दाराला कुलूप लागलं. मला जव्हारच्या वसतिगृहात ठेवलं. भट्टीचा टेम्पो एसटी स्टँडबाहेर उभा होता. बा आधीच आत, माणसांत बसलेला. त्यानं कोयता घेतला नव्हता.

"जेवत जा," आई म्हणाली.

मीही येते असं म्हणायचं मनात होतं. टेम्पो निघाला, तशी पिशवी उचलून मी वसतिगृहाकडे चालू लागले.

पडलेल्या बियांतून पुढं रोपं उगवली, गवतासारखी. काही शेळ्यांनी खाल्ली, काही वणव्यात गेली. उरलेल्यांना मी सुट्टीत येऊन काट्यांचं कुंपण घातलं. आता मी नर्सिंगला आहे. संक्रांतीच्या सुट्टीत पाड्यातल्या मामाकडे आले की डोंगरावर जाते. बाचा भट्टीवरून फोन येतो.

"बांबू किती वाढला?"

"कमरेएवढा झालाय."

"जाड?"

"करंगळीएवढा."

तिकडून ट्रकचा आवाज येत राहतो. "टोपलीला अजून लय वर्षं हायेत," बा म्हणतो, आणि फोन आईकडे देतो.