पडद्याच्या कोपऱ्यातलं गाव

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. भोरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि वेल्ह्यातल्या एका ऑफिसचं काम माझ्याकडं होतं. तिथली सगळी मशिनं पुण्याच्या मुख्य सर्व्हरला जोडलेली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर माऊस नेला की नेटवर्क म्हणून ऑफिसचं नाव दिसायला हवं. चार मशिनांवर दिसायचं. पाचव्यावर भलतंच एक गाव यायचं, आणि त्या मशिनला सर्व्हर काही सापडायचा नाही. दाखले निघायचे नाहीत, पासलीसारख्या लांबच्या गावाहून आलेली माणसं बाकावर ताटकळायची आणि साहेब माझ्या नावानं शंख करायचे.

मी दोनदा एसटीनं जाऊन केबल बदलली, मशिन बंद-चालू केलं. ये रे माझ्या मागल्या, गाव परत हजर. तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं. ठाण मांडून बसलो आणि एकेक सेटिंग उघडलं. सर्व्हरचा पत्ताच चुकीचा घातलेला होता. त्यामुळं मशिनला वाटायचं आपण निराळ्याच नेटवर्कवर आहोत, आणि त्याला कुणीतरी हातानं दिलेलं नाव ते दाखवत राहायचं.

"ह्ये गाव कुणी घातलं हितं?" मी आवाज चढवूनच विचारलं.

त्या मशिनवर बसणारे भाऊसाहेब, तिथले जुने कारकून, खुर्चीतून उठले. मग म्हणाले, गाव त्यांचंच, धरणात गेलेलं. मशिन बसवणाऱ्यानं नाव विचारलं, त्यांनी ते सांगितलं. तेव्हापासून गावची पांगलेली माणसं ऑफिसात आली की भाऊसाहेब त्यांना खुर्चीमागं उभं करून तो कोपरा दाखवायचे.

"ऱ्हाऊ द्या की भाई," ते म्हणाले. "दुसरीकडं कुठंच न्हाई ऱ्हायलं ते."

पण बाकावरची माणसं सकाळपासून बसली होती. मी पत्ता दुरुस्त केला, जुनं नाव पुसलं, मशिन पुन्हा चालू केलं. ऑफिसचं नाव आलं. दाखले भराभर निघाले आणि भाऊसाहेब मान खाली घालून ते वाटत राहिले. मला चहाही गोड लागेना.

एसटीला वेळ होता म्हणून तिथंच थांबलो. तेवढ्यात भाऊसाहेबांचे वडील आले. ते नव्या वसाहतीत राहायचे आणि अधनंमधनं फक्त एवढ्यासाठी यायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. सवयीनं खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

"हाय का रं?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग ऑफिसच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावल्यासारखं करत आपल्या गावाचं नाव मोठ्यानं वाचलं.

म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि पडद्याला हात जोडले.