उतारवयातली पहिलटकरीण

सिस्टरना अख्खी गल्ली सिस्टर म्हणायची, कारण चौतीस वर्षं त्यांनी प्रसूतीच्या वॉर्डात काढली होती. बाईच्या पोटावर हात ठेवला की मूल आडवं आहे की सरळ, डोकं खाली आलंय का, दिवस किती राहिलेत, सगळं घडाघडा सांगायच्या. नवे डॉक्टर मशीन लावून तेच सांगायचे, तेव्हा सिस्टर नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तो रुबाब काही उतरला नव्हता.

आणि एका गोष्टीवरून त्यांचं डोकं हमखास फिरायचं. 'बाळंतपणं झाली, आता पिशवीचं काय काम, काढून टाका,' असं कुणी म्हटलं की संपलंच. अंगावरून जातंय एवढ्या कारणावरून पस्तिशीतल्या बायका टेबलावर घेतलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि पुढे जन्मभर कंबर धरून बसलेल्याही. डॉक्टरांशी भांडून त्यांनी कितीजणींना तसंच घरी परत पाठवलं होतं. यात त्यांचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चुकलं ते कुत्रीच्या बाबतीत.

घरात दोघी बहिणी आणि ठमी. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. ठमी आठ वर्षांची, तपकिरी, आखूड पायांची, आणि घरातल्या सगळ्यात मऊ खुर्चीत, ती तिच्या बापाची असल्यासारखी बसायची. सिस्टरनी आयुष्यभर लोकांची मुलं हातात घेतली आणि ज्यांची त्यांना देऊन टाकली. ठमी तेवढी कुणाला द्यावी लागली नव्हती.

प्राण्यांच्या डॉक्टरने दोनदा सांगितलं होतं. "सिस्टर, पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून टाकू. नाहीतर वय झाल्यावर कुत्रीच्या पिशवीत पू होतो. पुष्कळजणींना होतो."

"धडधाकट जीव आहे. उगाच कशाला कापाकापी? तुम्हीपण त्यातलेच का?"

सिस्टरपुढे कोण बोलणार!

त्या वर्षी ठमीची पाळी होऊन महिना उलटला आणि ती पाणी प्यायला लागली. भांडं भरावं तर पाठ फिरवेपर्यंत रिकामं. घरात कधी घाण न करणारी पोर दाराशीच मुतून ठेवायची आणि कान पाडून बघायची. जेवण मात्र अर्ध्यावर टाकून उठायची.

"ताई, ही फार पाणी पितेय गं," धाकटी म्हणाली.

सिस्टरनी ठमीला आडवं निजवलं, पोटावर हात ठेवला. पोट घट्ट, भरलेलं. त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता! "अगं, दिवस गेलेत हिला! मागच्या भिंतीवरून तो काळतोंड्या कुत्रा आला असणार. दोन जिवांची आहे, तहान लागणारच."

पिल्लं नव्हती हो. पिशवीत पू भरत होता, आणि पिशवीचं तोंड मिटलेलं असल्यामुळे बाहेर एक थेंब दिसत नव्हता. दिसला असता तर सिस्टरना नुसत्या वासावरून कळलं असतं, इतके तसले वास त्यांनी वॉर्डात ओळखले होते.

पण आता त्यांना काही ऐकायचंच नव्हतं. जुन्या चादरी धुऊन खोक्यात अंथरल्या. ठमीने दूध ओकलं, तर म्हणे डोहाळे लागलेत महाराणीला. दिवसभर पडून राहिली, तर म्हणे उतारवयातली पहिलटकरीण आहे, थकणारच. ताप पाहिला, तो नव्हता. धाकटी रोज म्हणायची, एकदा दाखवून आणू या.

"तू चित्रं काढ," सिस्टर म्हणायच्या, "पोटातलं मला कळतं."

धाकटीला पटत नव्हतं, पण वॉर्ड गाजवलेल्या बहिणीपुढे रेटून बोलायची तिला सवय नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी ठमी उठेचना. सिस्टरनी ओठ वर करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्याफटक. या वेळी धाकटीने काही विचारलं नाही. रिक्षा आणून दारात उभी केली.

डॉक्टरने पोटावर मशीन फिरवलं आणि पडदा सिस्टरकडे वळवला. तिथे काय दिसायला हवं ते त्यांना पाठ होतं. मणक्याची माळ नव्हती. लुकलुकणारं काळीज नव्हतं. नुसत्या फुगलेल्या काळ्या नळ्या.

"पू आहे," सिस्टरच म्हणाल्या.

"पाळी कधी झाली होती?"

"दीड महिना झाला."

"आणि पाणी किती दिवस पितेय?"

"दहा दिवस," धाकटी म्हणाली.

डॉक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "पाळीनंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री पाणी पाणी करायला लागली, की लगेच आणायची असते, सिस्टर. ताप नसला तरी, बाहेर काही दिसत नसलं तरी. आता पिशवी आत्ताच्या आत्ता काढायला हवी. पण किडन्यांवर आलंय."

"काढा," सिस्टर म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता.

पिशवी निघाली. ठमी शुद्धीवरही आली. सिस्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या त्या बसल्याच. सलाइन थेंब थेंब जात होतं, लघवी मात्र होत नव्हती. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरने तो वाचून घडी घातली, तेवढ्यावरून सिस्टरना समजलं.

"ताई, मी रोज सांगत होते गं."

"सांगत होतीस. मीच मारली तिला."

धाकटी रडायला लागली. पण 'असं नको म्हणूस' हे काही ती म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर तोंडावर पाणी मारायला उठल्या. परत आल्या तेव्हा ठमीला धाप लागली होती. त्यांची चाहूल लागताच तिने डोकं उचलायला पाहिलं. जमलं नाही. मग शेपटी हलवली, हळू, पण सिस्टर घरी आल्या की हलायची तशीच.

ते काही सिस्टरना सोसेना. त्या जमिनीवर बसल्या आणि हात तिच्या तोंडापुढे धरला. "चाव गं मला," त्या म्हणाल्या. "एकदा तरी चाव."

ठमी त्यांची बोटं चाटायला लागली, आणि चाटता चाटता थांबली.